स्टार्टर उतरवण्याआधी

मित्रा, सेल्फ मारूनही जुनी पेट्रोल अँबॅसिडर चालू होत नसेल, तर तिचा स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) लगेच खोलायला घेऊ नकोस. आधी हेडलाइट लावून सेल्फ मार. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी किंवा तिची कनेक्शनं बघ. दिवे तसेच राहिले आणि नुसतं 'टक' झालं, तर सोलेनॉइडपासून (स्टार्टरला करंट देणाऱ्या स्विचपासून) पुढे शोध.

बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते म्हणून निश्चिंत होऊ नकोस, सेल्फ मारतानाचा आकडा खरा. तो 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपास. मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी. माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेव आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी काढ, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत कर आणि घट्ट आवळ.

मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही? मग बेंडिक्स बघ, म्हणजे स्टार्टरचं छोटं दातेरी चाक (पिनियन) पुढे सरकवून इंजिनला जोडणारा भाग. त्याच्या आट्यांवर ग्रीस कधीच लावायचं नाही, क्लचची धूळ चिकटून पिनियन अडकतं. ते फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या जड चाकाच्या) दातात रुतलं असेल तर इग्निशन बंद ठेव, टॉप गिअर टाक, हँडब्रेक सोड आणि गाडी मागेपुढे हलव. सपाट जागेवरच हं! इतकं करूनही फरक नसेल, तर स्टार्टर उतरवून कार्बन ब्रश (मोटरला आतून करंट पोचवणारे तुकडे) आणि बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या) तपास. खाली हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर मात्र काढच.