वाचकांच्या शंका : गेम अडखळतो, नेट रेंगाळतं

प्रश्न : लॅपटॉपवर गेम पहिली दहा-पंधरा मिनिटं मस्त चालतो, मग अडखळायला लागतो. आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानदार म्हणतो, आणखी ८ जीबी रॅम टाका. टाकू का?
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : टाका, पण आधी लॅपटॉप आतून साफ करून घ्या. तुम्ही सांगताय ते लक्षण रॅमचं दिसत नाही. रॅम अपुरी असती तर गेम सुरुवातीपासूनच, विशेषतः नवा नकाशा उघडताना, अडकला असता. बरा चालून मग दमतो तेव्हा बहुतेक वेळा उष्णता हेच कारण असतं. लॅपटॉपमधली बहुतेक इंटेल चिप १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली की स्वतःला वाचवायला वेग उतरवते आणि सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) धडाधड कमी होतात.

खात्री करून घ्या. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून फक्त सेन्सर दाखवणारा पर्याय निवडा, चार्जर लावा (बॅटरीवर वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो) आणि अर्धा तास खेळा. परत आल्यावर ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या (म्हणजे उष्णतेमुळे वेग उतरवण्याच्या) ओळीत ‘यस’ दिसलं की निदान पक्कं. गेम सुरू झाल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात वेग थोडा उतरतो, त्याने घाबरू नका. चिपला जादा वीज तेवढ्याच काळापुरती मिळते, तिची रचनाच तशी आहे.

सफाई करताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. खालचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. खरा कचरा पंख्यावर नसतो. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्या यांच्या मध्ये तो नमद्यासारखा दाबून बसलेला असतो आणि बाहेरून दिसतही नाही. जाळीतून हवा मारली तर तो थर नुसता मागे सरकतो, दोन दिवसांनी पुन्हा तेच. पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून तो उचला, थर चिमट्याने सोलून घ्या, उरलेलं मऊ ब्रशने झाडा. हवा मारायचीच असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.

लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर थर्मल पेस्टही (चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे ती बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे, पोचवणारा लेप) वाळलेली असणार. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, लावताना सुलट्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा फिरवत जा. एकच बाजू आधी आवळली तर उघड्या चिपचा कोपरा तडकू शकतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी पातळ थरात पूर्ण चिपवर पसरा.

आता रॅम. तुमच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ती रॅममधूनच उसनी घेते. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ जीबी माहिती ये-जा करते. दोन पट्ट्या झाल्या की ५१.२. गेमला खरा फायदा या दुपटीचा आहे, १६ जीबी झाल्याचा त्यानंतर. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ पाहा. वापरलेले स्लॉट २ पैकी १ असतील तरच खरेदीला जा. पट्टी त्याच पिढीची हवी. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही.

प्रश्न : २०० एमबीपीएसचं फायबर घेतलं, केबलने जोडलं, तरी डाउनलोड सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जात नाही. संध्याकाळी गेममध्ये पिंगही (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) उड्या मारतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ११-१२ हा आकडाच सगळं सांगतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसचे १२.५ एमबी होतात, आणि त्यातलं थोडं वरखर्चात जातं. तुमची जोडणी १०० वर अडकली आहे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ १००/१०० दिसेल. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात; एक जरी तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नाही, तर १०० वर काम भागवलं जातं. नवी कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल लावून पाहा. तरीही १०० च आलं तर राउटरचं पोर्टच तेवढ्याचं असू शकतं.

पिंगसाठी कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग करा (बहुधा १९२.१६८.१.१), दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. राउटरचा पिंग १-२ मिलिसेकंदांवर स्थिर आणि दुसरा उसळत असेल, तर घरातल्या सगळ्या फोनचा फोटो-बॅकअप थांबवून पुन्हा बघा. अपलोड तुंबला की गेमची छोटी पाकिटंही त्याच रांगेत ताटकळतात. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग गमवाल, पण खेळणाऱ्याने हा सौदा जरूर करावा.

प्रश्न : वीज गेली की इन्व्हर्टर लागतो, पण तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो.
– एक वाचक, लातूर

उत्तर : पूर्ण भार असताना पीसीचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) विजेविना साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. पुष्कळ इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असं बटण असतं; ते ‘यूपीएस’वर करा, बदली १० मिलिसेकंदांच्या आसपास होते. मात्र या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. तुमच्याकडे व्होल्टेज कायम कमी असेल तर बॅटरी लवकर उतरेल. मग इन्व्हर्टर ‘नॉर्मल’वरच राहू द्या आणि पीसीपुरता ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या. त्यावर साधारण ३६० वॅट चालतात, म्हणून लेझर प्रिंटर त्याला जोडू नका.