तिच्या मरणाचा शॉट लावताना

प्रिय मित्रा,

पटकथा वाचली. हाणामारी लिहायला तुझा हात चांगला बसलाय. नायकाच्या बायकोला काचेतून भिरकावलंस, तिथे मात्र मी अडखळलो. काचांचा सडा, स्लो मोशन, तिचे मोकळे केस, मागे जुनं गाणं. आणि तिला साधं नावही नाही. नायक पेटावा म्हणून तिने मरायचं, एवढंच तिचं काम. आधी तिला नाव दे, त्या दिवशी ती घरातून कशासाठी निघाली होती ते लिही.

हॉलिवूडचा दिग्दर्शक टॅरँटिनो तुझा लाडका, म्हणून त्याच्याबद्दलच बोलतो. 'डेथ प्रूफ'मध्ये (2007) स्टंटमन माइक चार मुलींच्या गाडीवर आपली गाडी घालतो. ती एकच धडक पडद्यावर पुन्हा पुन्हा येते, दर वेळी वेगळ्या मुलीचं मरण दाखवायला. एकीचा तर पायच तुटतो. एडिटिंग म्हणून हे अफाट आहे, त्यात वाद नाही. पण पहिल्या वेळी दचकलेले आपण शेवटी शेवटी 'आता हिचं काय होणार' म्हणून टक लावून बसतो. हा फरक आपल्यात त्या कटिंगने पाडलेला असतो. पुढे दुसऱ्या मुली माइकला बदडून काढतात, म्हणजे फिट्टंफाट झाली, असं त्याचे चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. मेलेल्या चौघींची नंतर कुणाला आठवणही राहत नाही.

'किल बिल'मध्ये तर बाईच सगळ्यांना लोळवते. पण त्याच्या शूटिंगमध्ये नायिका उमा थर्मनला गाडी स्वतः चालवायची नव्हती, ते स्टंटवाल्याकडून करून घ्या असं तिचं म्हणणं होतं. टॅरँटिनोने तिला राजी केलं. गाडी झाडावर आदळली, मान आणि गुडघे कायमचे दुखावले. हे तिने 2018 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं. आयुष्यातल्या मोठ्या पश्चात्तापांपैकी तो एक, असं टॅरँटिनोही नंतर म्हणाला. पडद्यावर बाई जिंकली, म्हणून सेटवर तिचं ऐकलं गेलं असेल असं धरून चालू नकोस.

तुझ्याकडे बजेट कमी, म्हणून घाई जास्त होणार. तरी फाइट मास्टरशिवाय असा सीन लावायचा नाही. रिहर्सल मुलीसमोर कर, कॅमेरा कुठे असेल आणि तिच्या अंगाला कोण, कुठे हात लावणार, तेही तिला आधी सांग. आणि ऐन वेळी ती नको म्हणाली तर तो शॉट कसा घ्यायचा, ते शूटिंगच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेव.

तुझा,
काका