वीस मिनिटांनी बंद पडणारी गाडी आणि ‘पार्ट टाकून बघू’

इंजिन उघडू देऊ नका. निदान आज तरी नाही.

मागून वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात: गाडी २०१६ ची, १५० सीसी, कार्बोरेटरवाली. भोसरीहून चाकणला कामावर जाताना वीस-पंचवीस मिनिटं ठणठणीत चालते आणि चिंबळी फाट्याच्या आसपास बंद पडते. किक नेहमीसारखी खाली जाते, हॉर्न-लाइट चालू असतात, पण गाडी सुरू होत नाही. पंधरा मिनिटं थांबलं की एका सेल्फमध्ये सुरू. गॅरेजने आधी प्लग बदलला, मग कार्बोरेटर साफ करून किट टाकलं, मग एअर फिल्टर, मग बॅटरी. सात हजारांच्या वर गेले, दुखणं जिथल्या तिथे. आता मिस्त्री म्हणतोय, "ब्लॉक-पिस्टन गेलंय, इंजिन खोलावं लागेल." तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: गाडीला झालंय काय, आणि हे लोक आपल्याला येडं समजतात का.

दुसरा प्रश्न आधी घेतो. लुबाडणारे असतात, नाही असं नाही. पण मी काही वर्षं एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये काढलीत, त्यानंतर छोट्या गॅरेजांत बसून भरपूर चहा प्यायलोय, आणि माझ्या पाहण्यात लबाडीपेक्षा जास्त नुकसान वेगळ्याच गोष्टीने होतं. दोष शोधण्याचे पैसे आपल्याकडे कुणी देत नाही आणि कुणी मागतही नाही. पार्ट विकला की मार्जिन सुटतं, पार्ट बसवला की मजुरी मिळते. दोन तास डोकं लावून हँडलखाली तुटलेली एक वायर सापडली, तर त्याचं बिल काय करायचं? दोनशे सांगितले तर गिऱ्हाईक म्हणतं, "एक वायर जोडायचे दोनशे?" तेच गिऱ्हाईक हजार-दीड हजाराची बॅटरी निमूट घेतं, कारण बॅटरी डोळ्यांना दिसते. असं चार-सहा वेळा झालं की मिस्त्री शहाणा होतो आणि तोही पार्टच विकायला लागतो.

सर्व्हिस सेंटरची तऱ्हा आणखी निराळी. तुम्ही काउंटरवर सांगता, "वीस मिनिटं चालली की बंद पडते, थंड झाली की सुरू होते." ॲडव्हायझर जॉब कार्डावर लिहितो, "गाडी बंद पडते, चेक करणे." कार्ड सुपरवायझरकडे, तिथून टेक्निशियनकडे. तो तुम्हाला कधी भेटतच नाही. त्याच्या हाती गाडी येते तेव्हा ती दोन-तीन तास रांगेत उभी राहून थंडगार झालेली असते. बटण दाबलं, सुरू झाली. सर्व्हिस रोडवर अर्धा किलोमीटर फिरवली, नीट चालली. संध्याकाळपर्यंत त्याला अजून कितीतरी गाड्या हातावेगळ्या करायच्या असतात. मग तो प्लग काढून पुसतो, कार्बोरेटर साफ करतो आणि कार्डावर ‘ओके’ लिहितो. वीस मिनिटांनी येणारा दोष पाच मिनिटांच्या ट्रायलमध्ये दिसायचा कसा? तुमच्या सांगण्यात कामाची गोष्ट एकच होती, गाडी गरम झाल्यावर बंद पडते ही, आणि नेमकी तीच कार्डावर चढली नाही.

आता गाडीकडे येऊ.

पिस्टन-रिंग झिजल्या की सायलेन्सरमधून धूर येतो, ऑइल कमी होतं, पिकअप जातो, सकाळी गाडी सुरू करायला जीव जातो. आणि हे हळूहळू वाढत जातं. झिजलेली रिंग पंधरा मिनिटं सावलीत उभी राहून बरी होत नाही. इंजिन गरम होऊन जाम झालं म्हणावं, तर किक खाली गेलीच नसती. इंजिनाच्या बाजूने एकच संशय घेण्यासारखा आहे, तो म्हणजे टॅपेट (वॉल्व्ह ढकलणारा भाग) टाइट असणं. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर वॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि थंड झाल्यावर परत येतं. पण त्यात आधी सिग्नलला स्लो स्पीड डळमळतो, आणि बंद पडल्यावर किक नेहमीपेक्षा हलकी लागते. ते बघायला ब्लॉक काढावा लागत नाही. टॅपेटची झाकणं उघडायची, इंजिन थंड असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायचं, मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघायचं. अर्ध्या तासाचं काम. ब्लॉक-पिस्टन म्हणणाऱ्याने एवढं तरी केलं का, विचारा.

बॅटरीचंही तसंच. मीटरने मोजल्याशिवाय बॅटरी बदलणं हा मला सगळ्यात जास्त चीड आणणारा प्रकार. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.५ व्होल्टच्या वर दाखवते. गाडी सुरू करून थोडी रेस दिली की टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवं. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट (चार्जिंगचा व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) खराब आहे, आणि ते तुमची नवी बॅटरीही उकळून खाईल. १३ सुद्धा गाठत नसेल तर चार्जिंग होत नाही, बॅटरी कितीही बदला. दोन मिनिटांचं मोजमाप आहे आणि तुमच्या बिलावर त्याचा कुठे मागमूस नाही.

माझा स्वतःचा संशय कुठे आहे ते सांगतो, पण तुम्ही तो खरा धरून पार्ट आणायला नाना पेठेत, पुण्याच्या सुट्या पार्टच्या बाजारात, धावू नका. आधी गाडी मरते कशी, ते बघा.

पेट्रोल न मिळाल्याने गाडी बंद पडत असेल तर ती एकदम मरत नाही. आधी धक्के देते, रेस दिली तर उलट दबते, चोक ओढला तर घटकाभर तग धरते, मग बंद. करंट तुटला तर मात्र चावी फिरवल्यासारखी खटकन बंद. याला एक चांगला साक्षीदार तुमच्या मीटर कन्सोलवरच आहे. तुमच्या गाडीचा आरपीएम काटा इलेक्ट्रॉनिक असेल, म्हणजे इंजिनापासून त्याला केबल येत नसेल, तर गाडी मरायला लागल्याक्षणी त्याच्याकडे बघा. त्यासाठी डावीकडच्या कडेने चाला, मागून कुणी येत नाही याची खात्री करा आणि क्षणभर क्लच दाबू नका. गाडी गिअरमध्ये आहे, चाक अजून इंजिन फिरवतंय. अशा वेळी काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर करंटचा सिग्नल शाबूत आहे, आधी पेट्रोलच्या बाजूला शोधा. इंजिन फिरत असतानाच काटा फटकन शून्यावर पडला, तर सिग्नल तुटलाय: पल्सर कॉइल (ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणारी), सीडीआय (तो इशारा घेऊन ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) किंवा त्यांच्याकडे जाणारी वायर. वर्कशॉपमधले जुने लोक ही गोष्ट सगळ्यात आधी विचारायचे.

पेट्रोलची बाजू निघाली तर पहिला संशयित टाकीचं झाकण. झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं. ते धुळीने किंवा पॉलिशने बुजलं की पेट्रोल खाली जाताना टाकीत पोकळी तयार होते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी धार आटते. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. सूं करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी सुरू झाली, तर सुईने भोक मोकळं करा, घरी जा. खर्च शून्य. तसं नसेल तर कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून बघा. वाटीत, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या कप्प्यात, पेट्रोल असेल तर ते बाहेर येईल. वाटी कोरडी असेल तर दोष कार्बोरेटरच्या वरच्या अंगाला: कॉक, कॉकची जाळी, टाकीतला गंज, मुरगळलेली नळी किंवा अडकलेली फ्लोटची सुई. गरम इंजिनावर पेट्रोल सांडू देऊ नका, खाली बाटली धरा.

करंटची बाजू निघाली, आणि तुमच्या वर्णनावरून मला तीच वाटते, तर पल्सर कॉइल. मॅग्नेटच्या शेजारी बसणारी एवढीशी कॉइल, इंजिनाच्या उष्णतेत कायम शिजत असते. आतली तार केसासारखी बारीक. ती कुठेतरी तुटली किंवा तिचा टाका सुटला, तरी थंड असताना टोकं एकमेकांना टेकून राहतात आणि मीटर बरोबर आकडा दाखवतो. गरम होऊन सगळं प्रसरण पावलं की टोकं सुटतात, ठिणगी गायब. निवलं की पुन्हा टेकतात. म्हणून थंड गाडीवर मोजून "कॉइल ओके आहे" म्हणणाऱ्याचं म्हणणं खोटं नसतं, फक्त निरुपयोगी असतं. मी ही कॉइल बाकावर ठेवून हेअर ड्रायरने तापवून मोजलेली पाहिली आहे: दोनशे ओहमच्या घरातला आकडा काही मिनिटं स्थिर राहिला, मग थरथरला, आणि एकदम मीटर कोरा. ड्रायर बंद केला, थोड्या वेळाने आकडा परत. ती मोजणाऱ्या पोराने तोवर त्याच गाडीत दोन सीडीआय बदलून झाल्या होत्या.

तुम्ही हे रस्त्यावरही करू शकता. साधा डिजिटल मल्टिमीटर तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तीन-चारशेत मिळतो. पल्सर कॉइलच्या वायरी ज्या कनेक्टरला येतात तो शोधून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत असतो, त्यामुळे मॅग्नेट कव्हर उघडायची गरज नाही. घरी थंड असताना एकदा ओहममध्ये मोजा आणि लिहून ठेवा. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो, साधारण १०० ते ३०० च्या दरम्यान असतो. मग चिंबळी फाट्याला गाडी बंद पडली की लगेच, ती निवायच्या आत, पुन्हा मोजा. गरम असताना आकडा थोडा वाढतोच, त्याने घाबरू नका. पण मीटरने आकडाच दाखवला नाही तर चोर सापडला. आकडा ठीक असेल तर चावीच्या स्विचपासून येणारी वायर बघा: हँडल वळवून वळवून ती मानेजवळ आतल्या आत तुटते. इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, वायरिंग हाताने हलवा. गाडीला साइड स्टँडचा स्विच असेल तर तोही.

त्यानंतर राहतात सीडीआय आणि प्लगवरची कॉइल. सीडीआय साध्या मीटरने तपासता येत नाही. तिथे ‘लावून बघू’ हीच पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही, पण तुमच्यासारख्याच दुसऱ्या चालत्या गाडीची काढून लावायची आणि फरक पडला तरच नवी घ्यायची. मिस्त्री दुसरी गाडी उपलब्ध करत असेल तर त्याला मान द्या. नवा पार्ट तुमच्या खर्चाने टाकून बघणं मात्र तपासणी नव्हे. शिवाय डुप्लिकेट पार्टचा भरवसा नसतो. डब्यातूनच खराब निघाला तर ‘सीडीआय बदलली, म्हणजे दोष सीडीआयत नाही’ असा निष्कर्ष काढून माणूस पुढचे दोन महिने भलतीकडेच शोधत बसतो.

बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) गाड्यांवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, स्कॅनर आला, पण सवय तीच राहिली. स्कॅनरने एखाद्या सेन्सरचा कोड दाखवला की तो सेन्सर बदलतात. कोड एवढंच सांगतो की त्या सेन्सरच्या सर्किटमधून येणारा सिग्नल ठीक नाही. कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी गेलं, पिन हिरवी पडली, उंदराने वायर कुरतडली, तरी कोड तोच येतो. कनेक्टर उघडून दाखवा म्हणा, मग सेन्सरची ऑर्डर द्या.

गॅरेजमध्ये काय बोलायचं? सरळ म्हणा, "दोष शोधायचे तीनशे-चारशे वेगळे देतो, पार्ट लागो न लागो. पण कुठलाही पार्ट बदलण्याआधी काय मोजलं आणि किती आलं ते मला सांगायचं." ज्याला काम येतं त्याचा चेहरा खुलतो, कारण हे त्याला सहसा कुणी म्हणत नाही. ज्याला येत नाही तो म्हणतो, "तुम्हीच करा मग." तिथून गाडी काढा. गाडी चालवतच न्या, गरम असताना द्या, आणि शक्य असेल तर त्याला मागे बसवून ती बंद पडेपर्यंत फिरवा. जॉब कार्डावर तुमचं वाक्य तुमच्या शब्दांत लिहून घ्या, खाली सही त्यानंतरच करा. काढलेले जुने पार्ट परत मागा.

गेलेल्या पैशांचं: प्लग, फिल्टर आणि कार्बोरेटरचं सोडून द्या, ४८ हजार किलोमीटर झालेल्या गाडीला ते आज ना उद्या लागलेच असते. बॅटरीसाठी मात्र भांडा. दोष दूर होईल असं सांगून ती विकली आणि दोष तसाच आहे. आधी गॅरेजशी शांतपणे, मग बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. पक्कं बिल नसेल तर तिथेही फार काही हाती लागणार नाही, म्हणून आजच मागून घ्या. जुनी बॅटरी त्याच्याकडेच पडून असेल तर तीही मागा आणि चार्ज करून मोजा. धडधाकट निघाली तर बोलायला आणखी एक मुद्दा. आणि नव्या बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे का ते तपासा, बऱ्याचदा ते कार्ड कोरंच हातात देतात.