सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी बायकोचं अंग सतत दुखतं. हा खरंच आजार आहे का? नाशिकमध्ये कुणाला दाखवावं?

हो, आजार असू शकतो. तुम्ही लिहिलंय की वर्ष होत आलं, मान, खांदे, कंबर, मांड्या सगळंच दुखतं, झोपून उठलं तरी थकवा तसाच, आणि घरात सगळे ‘टेन्शन घेते’ म्हणतात. मला स्वतःला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार आहे आणि तुमचं वर्णन मला फार ओळखीचं वाटलं. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

या आजारात रिपोर्ट नॉर्मलच येतात. सांधे सुजत नाहीत, एक्स-रेत काही दिसत नाही. बिघाड असतो तो मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश हाताळतात त्या यंत्रणेत. बेलचं बटण आत अडकून बसावं आणि दारात कुणी नसतानाही ती वाजत राहावी, तसं. तपासण्या करायच्या त्या दुसरं काही नाही ना, हे बघायला: थायरॉइड, हिमोग्लोबिन, अंगात कुठे दाह आहे का ते सांगणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, शिवाय ड जीवनसत्त्व आणि बी-१२. पूर्वी, १९९० च्या निकषांप्रमाणे, अंगावरच्या १८ जागा दाबून ११ तरी दुखतात का ते पाहत. २०१० च्या निकषांपासून त्याऐवजी दुखणं किती भागांत आहे, झोप, थकवा, विसरायला होणं हे विचारतात. त्रास निदान ३ महिने असावा लागतो.

दाखवायचं संधिवाततज्ज्ञांना. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, नाशिकमध्ये आहेत. सांध्यावर सूज, ताप किंवा वजन घटत असेल तर मात्र वेळ घालवू नका, तो वेगळा आजार असू शकतो.

उपचारांत सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे, गोळ्यांचा नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१६ साली शिफारशी केल्या, त्यात ठाम शिफारस फक्त व्यायामाची होती. पण दुखणाऱ्या माणसाला ‘चाल, बरं वाटेल’ म्हणणं आणि त्याला चालता येणं यात फार अंतर असतं. सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करा, कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गल्लीतसुद्धा. थंडीत पहाटेचा हट्ट नको, ऊन आल्यावर निघा. आठवडाभर झेपलं तरच थोडं वाढवा.

खरा घोटाळा बऱ्या दिवशी होतो. आज बरं वाटतंय म्हणून दिवाळीची साफसफाई, चकल्या, धुणं सगळं एकाच दिवशी उरकलं की पुढचे कितीतरी दिवस अंथरुणात. म्हणून बऱ्या दिवशीही काम अर्ध्यावर थांबवायचं. हे शिकायला मला औषधांपेक्षा जास्त वेळ लागला, कारण घरातलं काम अर्धवट टाकणं आपल्या बायकांच्या अंगवळणीच नसतं. इथे तुमची गरज आहे: उरलेलं काम कुणीतरी न बोलता उचलायला हवं.

औषधांत प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, कमी डोसात अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात. काहींना बराच गुण येतो, काहींना काहीच नाही. गुंगी येते, वजनही वाढू शकतं, आणि मनाने एकदम बंद करायची नाहीत. यातलं एखादं औषध नैराश्यावरही देतात, म्हणून ‘मला वेडी ठरवलं’ असं तिला वाटू देऊ नका. ताणाने दुखणं वाढतं हे खरं, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नसतो, स्टेरॉइडचा तर नाहीच. कुणी बिनलेबलच्या पुड्या सुचवल्या तर घेऊ नका, त्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार घडतात. तेल लावून शेक घ्यायला हरकत नाही, तेवढ्यापुरता आराम पडतो.

अपॉइंटमेंटच्या आधी दोन आठवडे एका वहीत झोप, दुखणं आणि त्या दिवशीचं काम लिहून ठेवा. आणि सोबत तुम्ही जा. डॉक्टरांसमोर आपण बायका ‘तसं बरं आहे’ म्हणून मोकळ्या होतो. रात्री कूस बदलताना तिला काय होतं, ते तुम्ही सांगा.