गोळ्याच्या आत पोटेन्शियल शून्य नसतं

तुझ्या वहीचा फोटो मिळाला, तिरका होता पण वाचता आलं. चार्ज दिलेल्या धातूच्या गोळ्याच्या गणितात बाहेरच्या पॉइंटचं पोटेन्शियल नीट काढलंयस, आत शिरल्यावर मात्र 'फील्ड (म्हणजे चार्जवर जोर लावणारं विद्युत क्षेत्र) शून्य म्हणून पोटेन्शियल शून्य' असं लिहून टाकलंस. मीपण हेच केलंय, परीक्षेत त्या गणिताचे सगळे मार्क गेले आणि पेपर हातात पडेपर्यंत मी खुशीत होतो!

असं बघ, पोटेन्शियल म्हणजे अनंतापासून तिथपर्यंत चार्ज आणायला दर कूलंबमागे किती काम पडलं ते. पृष्ठभागापर्यंत येताना जोर लागला, आत फील्डच नाही म्हणजे पुढचा प्रवास फुकट, पण आधी केलेलं काम काय पुसलं जातं का? त्रिज्या १० सेंमी आणि चार्ज २ नॅनोकूलंब घे, सूत्र kQ/r, म्हणजे स्थिरांक k ९×१०⁹ गुणिले चार्ज २×१०⁻⁹ भागिले अंतर ०.१, आले १८० व्होल्ट. पृष्ठभागावर १८०, सेंटरलाही १८०, गोळा भरीव असो नाहीतर पोकळ. पृष्ठभागापासून २० सेंमी बाहेर गेलास तर ६०, कारण अंतर सेंटरपासून मोजायचं, ३० सेंमी. तिसऱ्या गणितात तू २० धरलंयस, बघ परत.

आता माझी लाडकी ट्रिक. समजा बाहेर, सेंटरपासून ३० सेंमीवर, १ नॅनोकूलंबचा पॉइंट चार्ज आणून ठेवला. गोळ्यावरचा चार्ज इकडेतिकडे सरकणार, कुठे दाट कुठे विरळ, आणि मुलं लगेच इंटिग्रेशन काढायला बसतात. कशाला? गोळा धातूचा म्हणजे कंडक्टर, आणि कंडक्टरमध्ये सगळीकडे पोटेन्शियल सारखंच, मग सगळ्यात सोपा पॉइंट पकड, सेंटर. गोळ्यावरचा चार्ज कसाही पसरला तरी त्याचा कण न् कण सेंटरपासून १० सेंमीवरच आहे, आणि गोळा कशाला जोडलेला नसल्यामुळे एकूण चार्ज २ नॅनोकूलंबच राहतो, म्हणजे त्याचे १८० जसेच्या तसे, वर बाहेरच्या चार्जचे ३०, झाले २१० व्होल्ट. संपलं गणित.

आता बाहेरचा चार्ज तिथेच ठेवून तोच गोळा अर्थ केला, म्हणजे तारेने जमिनीला जोडला तर? पोटेन्शियल शून्य ठेव आणि उलट्या बाजूने गोळ्यावर किती चार्ज उरला ते काढ. वजा एक-तृतीयांश नॅनोकूलंब यायला पाहिजे. नाही आलं तर पान पाठव, या वेळी फोटो सरळ काढ.