प्लास्मिडला आपली संख्या कळते कशी?

प्रश्न : एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. प्रॅक्टिकलला ई. कोलाय बॅक्टेरियातून पीबीआर३२२ हा प्लास्मिड (क्रोमोसोमपासून वेगळी, डीएनएची छोटी गोल कडी) काढला तर जेलवर त्याचा बँड अगदी फिका, पीयूसी१९ या दुसऱ्या प्लास्मिडचा मात्र झगझगीत, म्हणजे त्याच्या कॉप्या जास्त. पेशीत प्लास्मिडच्या किती कॉप्या असाव्यात हे ठरवतं कोण, बॅक्टेरिया की प्लास्मिड?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : मुख्यतः प्लास्मिडच. बॅक्टेरिया एन्झाइम पुरवतो, हिशोब प्लास्मिडचा. तुझे दोन्ही प्लास्मिड कोल-ई१ टाइपचे, म्हणजे ओरिजिनच्या (कॉपी जिथून सुरू होते त्या जागेच्या) साधारण ५५५ बेस आधीपासून आरएनए-२ नावाचा आरएनए बनायला लागतो, ओरिजिनपाशी तो डीएनएला चिकटून बसतो, आरनेझ-एच हे एन्झाइम त्याला तिथे कापतं आणि त्या टोकापासून (यालाच प्रायमर म्हणतात) डीएनए पॉलिमरेज-१ हे डीएनए बनवणारं एन्झाइम कॉपी सुरू करतं. पण त्याच पट्ट्यातून उलट्या दिशेने आरएनए-१ पण बनतो, जेमतेम १०८ बेसचा, तो वेळेत जाऊन आरएनए-२ ला बिलगला की त्याची घडी बिघडते आणि प्रायमर होतच नाही. प्रत्येक कॉपी आरएनए-१ सोडत असते, त्यामुळे कॉप्या वाढल्या की ब्रेकही वाढतो.

पुस्तकात हे एवढ्यावर उरकतात, पण खरी मेख पुढे आहे. आरएनए-१ टिकत नाही, काही मिनिटांत त्याचे तुकडे होतात, म्हणून तर पेशीत तो किती आहे यावरून *आत्ता* किती कॉप्या आहेत ते कळतं. तो दीर्घायुषी असता तर विभाजनात कमी प्लास्मिड वाट्याला आलेली पेशी जुन्या आरएनए-१ मुळे उगाच अडून राहिली असती.

आता तुझे बँड. पीबीआर३२२ मध्ये रॉप नावाचं ६३ अमिनो अॅसिडचं छोटं प्रोटीन आहे, ते दोन्ही आरएनएंची जोडी पक्की करतं, म्हणून कॉप्या १५-२० वर थांबतात. पीयूसी मध्ये रॉप नाहीच, वर आरएनए-२ मध्ये एक बेस बदललेला, त्यामुळे ३७ डिग्रीला आरएनए-१ ची पकड नीट बसत नाही आणि कॉप्या ५०० च्या वर जातात. ३० डिग्रीला वाढवलास तर मात्र हा फरक बराच कमी होतो, करून बघ.

पीबीआर३२२ जास्त हवा असेल तर जुनी युक्ती आहे, वाढलेल्या कल्चरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक घालायचं. प्रोटीन बनणं थांबतं, क्रोमोसोमची नवी कॉपी सुरू होत नाही, पण या प्लास्मिडला स्वतःचं प्रोटीन लागतच नाही, तो रात्रभर वाढत राहतो. फक्त होस्ट स्ट्रेन क्लोरॅम्फेनिकॉल रेझिस्टंट नाही ना ते आधी बघ 🙂