इन्स्टाग्रामवर कोल्हापुरी चपलांचा आरओएएस ३.५ येतो, तरी खात्यात पैसे का उरत नाहीत?

तुम्ही खरं तर दोन गोष्टी विचारल्यात. जाहिरात एजन्सी ३.५ आरओएएस (जाहिरातीच्या एका रुपयामागे साडेतीन रुपयांची विक्री) दाखवते तरी महिनाअखेर हातात काही राहत नाही, हे कसं? आणि जगभरचा ट्रेंड बघता स्वतःची साइट गुंडाळून मार्केटप्लेसवर जावं का? दुसऱ्याला शेवटी थोडक्यात उत्तर देतो. पहिल्यावर मात्र लांबण लागणार आहे, कारण "जाहिरात चांगली चाललीय, तुमचं ऑपरेशन कच्चं आहे" हे एजन्सीवाल्यांचं पालुपद ऐकून कान किटलेत. त्याचा एकदा उघड हिशेब व्हायला हवा.

आरओएएसमध्ये मोजली जाते ती ऑर्डर, विक्री नव्हे. ग्राहकानं कॅश ऑन डिलिव्हरीचं (सीओडी) बटण दाबलं की साइटवर बसवलेल्या मोजणीच्या कोडला, म्हणजे पिक्सेलला, खबर जाते आणि डॅशबोर्डवर १,४९९ रुपये चढतात. पंधरा-वीस दिवसांनी ते पार्सल दारातून तसंच परत आलं तरी चढलेले १,४९९ कोणी उतरवत नाही. शिवाय मेटाची (इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची) नेहमीची मोजणी क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यानंतर १ दिवस अशी असते. म्हणजे जुनं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरची लिंक उघडून घेणारच होतं, पण आदल्या रात्री त्याच्या फोनवर तुमचं रील सरकून गेलं, तर ती ऑर्डरही जाहिरातीच्या नावावर.

आता शंभर ऑर्डर घ्या. किंमत १,४९९, त्यात ५ टक्के जीएसटी आहेच (२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांना हा दर आहे), म्हणजे तुमचे १,४२८. कारागिराला जोडामागे ६५०. खोकं, कागद, लेबल मिळून ४५. कुरिअर जाताना ९०, परतीचे ८०, सीओडीची रक्कम गोळा करण्याचे ४०. हे आकडे मी धरलेत, तुमचे घालून बघा. ३.५ आरओएएस म्हणजे १,४९,९०० च्या ऑर्डरींसाठी जाहिरातीवर सुमारे ४२,८०० गेले.

एजन्सीच्या मते सगळी शंभर पार्सलं पोचतात. तसं झालं तर, ७० सीओडी आणि ३० आगाऊ पैसे भरलेल्या ऑर्डर धरून, सगळा खर्च वजा जाता साधारण पावणेअठरा हजार उरतात. झकास. पण ७० सीओडीतली २० परत येतात असं धरा. अनोळखी ब्रँडच्या, रील बघून झालेल्या ऑर्डरींना हे प्रमाण मुळीच जास्त नाही. पोचलेल्या ८० पैकी ८ जणांना माप बदलून हवं, ४ जणांना पैसे परत हवेत. खरी विक्री राहिली ७६ ची, म्हणजे १,०८,५०० रुपये. त्यातून कारागिराचे ४९,४००, परत आलेल्या २४ पैकी विकता न येणाऱ्या ४ जोडांचे २,६००, खोक्यांचे ४,९००, कुरिअरचे सगळे फेरे मिळून १४,३००, पेमेंट गेटवेचे ९००. उरले साधारण ३६,४००. जाहिरात ४२,८०० ची. शंभर ऑर्डरींमागे जवळपास साडेसहा हजारांचा खड्डा, आणि यात एजन्सीची फी, पॅकिंगवाल्या मुलाचा पगार, जागेचं भाडं काही धरलेलं नाही. या गणितात नुसतं बरोबरीत यायलाच डॅशबोर्डवर ४.१ च्या पुढचा आकडा लागतो.

खड्डा इथेच संपत नाही. मेटाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी, कुरिअरवर १८ टक्के. "त्याचं क्रेडिट मिळतं ना!" मिळतं, म्हणजे भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता होतो, पण तुमच्या विक्रीवरचा कर फक्त ५ टक्के. वरच्या हिशेबात जमा करायचा कर साधारण ५,४०० आणि नुसत्या जाहिरात-कुरिअरचं क्रेडिट १०,३००. वरचे ४,९०० लेजरमध्ये पडून राहतात. कच्च्या मालावरचा जादा कर असा तुंबला तर त्याचा परतावा मागता येतो, सेवांवरचा येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये व्हीकेसी फूटस्टेप्सच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय, आणि ती कंपनी योगायोगानं पादत्राणांचीच. तुमच्या सीएला हे विचारा. पुष्कळ जण "क्रेडिट आहे" एवढं सांगून मोकळे होतात.

आता यावर उपाय म्हणून परदेशी दाखले दिले जातात, तेही ऐकून घ्या. झलांडो ही बर्लिनची कंपनी २००८ पासून चपला-बूट-कपडे विकतेय आणि तिच्याकडे पाठवलेल्यातला साधारण निम्मा माल परत येतो. "मग तुमचे वीस-पंचवीस टक्के काय घेऊन बसलात?" असा युक्तिवाद मी एजन्सीच्या सादरीकरणांत पाहिलाय. निव्वळ दिशाभूल आहे. जर्मन ग्राहक तीन मापं मागवतो, घरी घालून बघतो, एक ठेवतो आणि बिल नंतर भरतो. तिथे परतीच्या पार्सलाबरोबर बहुधा एक विक्रीही झालेली असते. आपल्याकडचं आरटीओचं, म्हणजे ग्राहकाला न पोचता परत आलेलं, पार्सल उघडलेलंच नसतं. ग्राहक फोन उचलत नाही, पत्ता अर्धवट असतो, नाहीतर चार दिवसांत विचार बदललेला असतो. शिवाय परतीच्या खर्चाला मोठेही कंटाळलेत. झारानं ब्रिटनमध्ये २०२२ सालापासून दुकानात न देता पार्सलानं पाठवलेल्या परतीला पैसे लावले.

चीननं ग्राहक-विक्रेत्यातला हाच विश्वासाचा प्रश्न २००४ मध्ये अलीपे ही पेमेंट सेवा काढून सोडवला. पैसे मध्ये अडकवून ठेवायचे, माल हातात पडल्यावर विक्रेत्याला सोडायचे. आपण २०१० च्या सुमारास फ्लिपकार्टच्या मागोमाग सीओडी धरली आणि २०१६ मध्ये यूपीआय येऊनही सोडली नाही. गंमत अशी की तोच ग्राहक दारात डिलिव्हरीवाल्याचा क्यूआर स्कॅन करून पैसे देतो. पैसे ऑनलाइन द्यायला त्याला अडचण नाही, तुम्हाला आधी द्यायला आहे.

म्हणून इलाज ऑर्डर आल्यानंतरच्या पहिल्या तासात आहे. सीओडीची ऑर्डर पडली की लगेच व्हॉट्सॲपवर जोडाचा फोटो, माप, एकूण रक्कम आणि पूर्ण पत्ता पाठवा आणि "हो" आल्याशिवाय कुरिअरचं लेबल छापू नका. उत्तर नसेल तर संध्याकाळी एक फोन, दुसऱ्या दिवशी दुपारी एक, मग रद्द. रद्द करताना जीव तुटतो, पण ती ऑर्डर तशीही परत येणार होती. सीओडीला १०० ते १५० रुपये आगाऊ घ्या. ऑर्डरी पडतील, एजन्सी बोंब मारेल, आरओएएस ३.५ चा ३ वर येईल. येऊ द्या. वरच्याच हिशेबात जाहिरातीला हात न लावता २० ऐवजी १० पार्सलं परत आली, तर साधारण साडेनऊ हजारांचा फरक पडतो आणि तोट्याचा तीन हजार नफा होतो.

पार्सल न पोचल्याचा शेरा, म्हणजे एनडीआर, कुरिअरच्या पॅनेलवर रोज संध्याकाळी बघा. "ग्राहक उपलब्ध नाही" हे पाहून गप्प बसू नका. बऱ्याचदा डिलिव्हरीवाला त्या गल्लीत गेलेलाच नसतो. ग्राहकाला त्याच दिवशी विचारा, कोणी फोन केला होता का, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट लावून पुन्हा पाठवायला सांगा. साधारण तीन खेपांनंतर पार्सल परत फिरतं आणि एकदा फिरलं की थांबवणं जवळपास अशक्य. पिनकोडप्रमाणे पोचलेली आणि परतलेली अशी साधी एक्सेल ठेवा. दोन महिन्यांत नेमके कुठले पिनकोड खातात ते दिसतं, तिथे सीओडी बंद करा.

खोकं. याकडे कोणी बघत नाही आणि पैसे इथेच गळतात. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त असेल ते लावतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. बुटांचं तयार खोकं ३२ बाय २० बाय १२ चं असतं, त्याचं होतं १.५३६ किलो. टप्पे अर्ध्या किलोचे, त्यामुळे बिल दोन किलोचं. आतला जोडा पाऊण किलोचा! कोल्हापुरी मुळात चपटी. दोन्ही पायांच्या चपला शेजारी शेजारी ठेवून ३० बाय २२ बाय ७ चं खोकं करून घ्या, ०.९२४ किलो, बिल एका किलोचं. पार्सल बंद करण्यापूर्वी मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवा. वजनाचा वाद निघाला की पॅनेलवर तोच लागतो, आणि मुदत थोड्याच दिवसांची असते.

पावसाळ्यात आणखी एक. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं चामडं हवेतली ओल धरतं. जोडा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून पाठवला आणि ते पार्सल तीन आठवडे गोदामांतून फिरून परत आलं, की उघडल्यावर पट्ट्यांवर पांढरी बुरशी. कोरड्या फडक्यानं पुसून, सावलीत वाळवून, तेलाचा हलका हात दिला तर काही जोड वाचतात. वेणीत शिरलेली बुरशी निघत नाही. जोडा कागदात गुंडाळा, सिलिकाची पुडी टाका, प्लॅस्टिक फक्त बाहेरून.

मापाच्या परतीसाठी "यूके ८" वर विसंबू नका. कोल्हापुरीला बक्कल नाही, इलॅस्टिक नाही. अंगठा आणि बाजूचे कान बसले नाहीत तर चप्पल बसलीच नाही. टाच भिंतीला लावून कागदावर उभं राहायला सांगा, संध्याकाळी, आणि लांबी व पंजाची रुंदी सेंटिमीटरमध्ये मागवा. नवी चप्पल आवळते आणि वापरून सैलावते, हे डिलिव्हरीच्या दिवशीच मेसेजमध्ये लिहा. "लहान पडली" म्हणून येणाऱ्या परतीतली बरीचशी खरं तर लहान नसते.

एजन्सीशी बोलणी करताना एकच अट घाला, फी पोचलेल्या आणि परत न आलेल्या विक्रीवर. आणि कुरिअरच्या पॅनेलमधून दर आठवड्याला पोचलेल्या ऑर्डरींची यादी काढून ती मेटाच्या कन्व्हर्जन्स एपीआयमधून (विक्रीची माहिती थेट मेटाला कळवण्याची सोय) वेगळी नोंद म्हणून परत पाठवायला सांगा, म्हणजे अल्गोरिदम बटण दाबणाऱ्यांऐवजी पैसे देणारे शोधायला लागेल. "आयओएस १४.५ पासून डेटाच मिळत नाही" असं उत्तर येईल. आयफोनवर परवानगीशिवाय ग्राहकाचा माग काढता येणार नाही, हा बदल ॲपलनं एप्रिल २०२१ मध्ये केला. तुमच्या सीओडी ग्राहकांतले किती जण आयफोनवाले आहेत ते एकदा शोधून दाखवा म्हणावं.

मार्केटप्लेसचं म्हणाल तर जा, पण साइट बंद करून नव्हे. तिथे तुमच्या पैशांतून आधीच ०.५ टक्का टीसीएस (जीएसटीपोटी) आणि ०.१ टक्का टीडीएस (प्राप्तिकरापोटी) कापला जातो, तो नंतर वळता होतो. खरा खर्च कमिशनचा आणि परतीचा. मोठा तोटा म्हणजे ग्राहकाचा फोन नंबर तुमच्या हाती येत नाही, म्हणजे वरचा पहिल्या तासाचा इलाजच संपला. ४९९ च्या रेक्झिनच्या नकलेशेजारी तुमचा जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) जोडा दिसणार, हेही धरून चाला. साधे, खपणारे दोन-तीन नमुने तिथे ठेवा, कापशीसारखे खास नमुने आणि जाड टाचेचे साइटवर.

हे सगळं १,५०० च्या आसपासच्या जोडाला लागू आहे. सरासरी ऑर्डर ३,००० ची असेल किंवा निम्मे ग्राहक जुनेच असतील तर ३ आरओएएसलाही पैसे सुटतात, तेव्हा माझ्या भरवशावर एजन्सी काढून टाकू नका. सगळे एजन्सीवाले लबाड नसतात. पुष्कळांना कुरिअरचं पॅनेल कोणी दाखवलेलंच नसतं. आणि अमेरिकेतल्या ऑर्डरींवर नजर असेल तर जुने दर विसरा. ८०० डॉलरखालच्या पार्सलांची शुल्कमाफी तिथे २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी थांबवली, त्यामुळे दर सांगण्यापूर्वी शुल्क कोण भरणार ते कुरिअरकडून लेखी घ्या.